तांबड्यावर पिवळा

"न्हानू, लवू हय इलो काय रे?"

लवूची आई, जनाकाकी, आमच्या खळ्यात उभी होती. मी पडवीत पेज जेवत बसलो होतो. तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, पण मी पेजेचा घोट सावकाश गिळला, वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा चावला आणि मगच बोललो.

"हय? हय कित्याक येतलो तो? त्या बेळगावकाराकडे बघ जा."

"मेल्या, मोठ्या माणसांशी नीट बोल," आतून माझी आई ओरडली आणि हात पुसत बाहेर आली. "काय झाला गो जना?"

"काल देवळातसून इलो तो न जेवताच निजलो. सकाळी बघतंय तर हातरूण रिकामा. माका वाटला व्हाळार गेलो आसतलो. अजून पत्तो नाय." तिने पदर तोंडाशी धरला. "आज गोफ सोडूचो आसा. लवू नाय गावलो तर काय करूचा?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी पेजेत बघितलं.

गोफ म्हणजे काय ते सांगायला हवं. देवळाच्या मंडपात तुळईला लोखंडी कडी आहे. शिमग्यात त्या कडीला रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या बांधतात आणि एकेका पट्टीचं टोक एकेका पोराच्या हातात देतात. अर्धे पोरगे एका बाजूने नाचत निघतात, अर्धे समोरून येतात. समोरून आलेल्या एकाला आतून जायचं, पुढच्याला बाहेरून, परत आतून. नाचता नाचता डोक्यावर वेणी विणली जाते. ती कडीपासून खाली खाली येते. बाकी गावांत ही वेणी विणून लगेच उलटं नाचून सोडवतात. आमच्या भरडवाडीची रीत वेगळी. आमच्याकडे विणलेला गोफ एक रात्र देवापुढे टांगलेला राहतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की सोडवतात. ज्या हाताने विणला त्याच हाताने सोडवायचा. एक जरी पोर कमी पडलं तरी गोफ कोयत्याने कापून नदीत सोडायचा आणि पुढच्या वर्षीचा मान वरच्यावाडीला द्यायचा.

आणि सोडवताना गाठ पडली तर? तर देवळाचे मानकरी धाकू गावकर ती गाठ हातात धरून पट्ट्या तपासायचे आणि ज्याची चूक त्याच्या हातात जन्मात परत पट्टी द्यायचे नाहीत. आमच्या गावात एका म्हाताऱ्याला सगळे 'गाठवालो' म्हणायचे. त्याची नातवंडंसुद्धा 'गाठवाल्याची' म्हणून ओळखली जायची.

लवू आणि मी पहिल्यापासून जोडी. जोडी म्हणजे समोरासमोर उभं राहून नाचायला सुरुवात करणारे दोघे. जोडीला एक रंग. आमचा रंग तांबडा. पहिल्या पावलाला मी आतून जायचो, तो बाहेरून, आणि जाताना आमचे खांदे एकमेकांना घासायचे. आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण ते तसं व्हायचंच.

त्या वर्षी आम्ही नववीत. पावसाळ्यात लवू माडासारखा वाढला आणि मी होतो तिथेच राहिलो. त्यातच शाळेतल्या कुलकर्णी मास्तरांचा भाचा उल्हास बेळगावहून शिकायला आला. उंच, गोरा, केसांना तेल नाही, आणि बुडाखाली सायकल. माघात तालीम सुरू झाली तेव्हा धाकू गावकरांनी आम्हाला ओळीत उभं केलं.

"जोडी उंचीन जुळाक होयी," ते म्हणाले. "लवू, तू ह्या बेळगावकारासमोर. न्हान्या, तू पांडग्यासमोर रव. पिवळी घे."

झालं. कानामागून आला आणि तिखट झाला. मला वाटलं लवू काहीतरी बोलेल. 'माका न्हानूच होयो' एवढं तरी. तो गप्प उभा राहिला आणि तांबडी पट्टी हाताला गुंडाळायला लागला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मी टाकलं आणि त्याचं काही अडलं नाही, हे जास्त झोंबलं. संध्याकाळी आम्ही व्हाळाच्या पाण्यात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला जायचो, तर हा आता मास्तरांच्या ओटीवर बसून त्या उल्हासाबरोबर बुद्धिबळ खेळायचा. एकदा मी कुंपणाशी बराच वेळ उभा राहिलो. घोडा अडीच घरं चालतो म्हणून दोघे खिदळत होते. घोडा अडीच घरं कित्याक चालतो, हे मला कोणी सांगितलं नाही.

काल गोफ विणतानाही मी पांडग्याच्या तोंडाकडे एकदासुद्धा बघितलं नाही. माझे डोळे लवूवर. त्याने मात्र माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. फक्त सुरुवातीला, नमन संपता संपता, तो माझ्या अगदी जवळून गेला आणि त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी मनात म्हटलं, धक्के देतो काय मेला! गोफ विणून झाल्यावर सगळे प्रसादाला पळाले. लवू एकटाच मंडपात मान वर करून गोफाकडे बघत उभा होता. आपल्याच कामाचं कौतुक करतोय, असं मला वाटलं आणि मी थुंकून बाहेर आलो.

"न्हानू, ऊठ," आई म्हणाली. "तुका त्याच्यो सगळ्यो जागो म्हायत. जा, घेऊन ये तेका."

मी उठलो. लवूच्या काळजीने उठलो असं म्हणणार नाही. हा नक्की त्या सायकलवाल्याबरोबर कुठेतरी उंडारायला गेलाय आणि मला ते सगळ्या गावासमोर दाखवून द्यायचंय, म्हणून उठलो.

मास्तरांच्या घराशी गेलो तर उल्हास अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होता. एकटाच.

"लवू खंय?"

"इथं नाही की," तो म्हणाला. "का? घरी नाही?"

मला एकाच वेळी बरं वाटलं आणि वाईटही. बरं अशासाठी की हा त्याच्याबरोबर गेला नव्हता. वाईट अशासाठी की आता खरोखरच शोधायला लागणार होतं.

"रात्री पण गप्पच होता," उल्हास पंप खाली ठेवत म्हणाला. "मी लाडू दिला तर खाल्ला नाही. शेंगदाण्याचा लाडू किती आवडतो त्याला!"

"तेका शेंगदाणे आवडत नाय," मी म्हणालो. "पित्त होता तेका."

"रोज खातो की आमच्याकडं."

मी वळलो. मागून चप्पल सरकवल्याचा आवाज आला.

"थांब, मी पण येतो."

"नको."

"अरे, दोघं असलो तर लवकर सापडेल की."

तो आलाच. सायकल ढकलत माझ्याबरोबर चालू लागला. मी वाट सोडून मुद्दाम निवडुंगाच्या बांधावरून गेलो, तर त्याने सायकल खांद्यावर घेतली. असा चिवट.

आधी व्हाळावर गेलो. कोंडीत पाणी गुडघाभर उरलं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. मग कातळावरचा काजूंचा मळा. तिथल्या मांगराच्या झोपडीत राखणदार झोपला होता. त्याला उठवलं तर त्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"शाळेत असेल," उल्हास म्हणाला. "चित्रांचं कपाट आहे ना, त्याच्या मागं बसतो तो कधीकधी."

"शाळेत? सुट्टीत?"

"चित्रं काढतो की तिथं. तुला ठाऊक नाही? मामांनी किल्ली दिलीय त्याला. पुढं कोल्हापूरला जाऊन चित्रकला शिकणार म्हणतो."

मी थांबलो. लवू चित्रकला शिकणार होता. कोल्हापूरला जाऊन. हे मला, ज्याने त्याच्याबरोबर एका ताटात काजूची बोंडं खाल्ली, त्याला एका सायकलवाल्याकडून कळत होतं.

"म्हायत आसा माका," मी म्हणालो. "तूच नवीन काय सांगतंस?"

शाळेतही तो नव्हता. कपाटामागे कागद होते, रंगाच्या बाटल्या होत्या, आणि त्यातल्या एका कागदावर गोफ नाचणारी पोरं काढलेली होती. मी जवळ जाऊन बघणार होतो, पण उल्हास आधीच वाकून बघत होता, म्हणून मी बघितलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. देवळाकडे ढोल वाजायला लागला. गोफाआधीची वर्दी ती. वाटेत धाकू गावकर भेटले. त्यांच्या हातात कोयता होता, घासून लखलखीत केलेला.

"गावलो?" त्यांनी विचारलं.

"नाय अजून."

"उन्हा कलली की मी थांबूचंय नाय, पोरांनू. देवाची रीत ती देवाची रीत." आणि जाता जाता पुटपुटले, "वरच्यावाडयेचे मेले सकाळपासून येऊन बसलेत, दात काडीत."

मला आता एकच जागा उरली होती. पहिल्यापासून ती माझ्या मनात होती, पण उल्हासाला घेऊन मी तिथे जाणार नव्हतो. गावाच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेली चिरेखाण होती. चिरे काढून काढून जमिनीत खोल पायऱ्यांसारखा खड्डा झालेला. तळाशी एका कोपऱ्यात भिंत आत गेलेली, तिथे दिवसभर सावली. ती जागा मी आणि लवूने शोधून काढली होती आणि कोणाला दाखवायची नाही म्हणून जाखिणीची शपथ घेतली होती.

"तू तिठ्यार जा," मी उल्हासाला म्हणालो. "सायकल आसा तुज्याकडे. एष्टीवाल्यांका इचार, लवूक कोणी बघल्यानी काय. मी नदीकडे बघतंय."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "नदीकडं?"

"हां. नदीकडे."

तो सायकलवर बसला आणि गेला. तो नजरेआड झाल्यावर मी खाणीकडे पळत सुटलो.

लवू तिथेच होता. कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसलेला, चिऱ्यांच्या धुळीने पाय तांबडेलाल. मला बघून त्याने मान खाली घातली. मला एवढं हायसं वाटलं की मी त्याला पहिल्यांदा शिवीच दिली.

"शिरा पडो तुज्या तोंडार! आवस रडता तुजी थय. ऊठ!"

"मी येवचंय नाय."

"कित्याक? त्या बेळगावकारान काय म्हंटल्यान तुका?"

"तेचो काय संबंद?"

"मग काय झाला?"

मी त्याच्या समोर बसलो. किती महिन्यांनी आम्ही समोरासमोर होतो. शेवटी तोच म्हणाला, "गोफात चूक झाली, न्हानू. काल. वर, एकदम वर, कडीकडे. तुजी पिवळी माज्या तांबड्यार बसली हा. थय तांबडी वर होयी होती."

"कशी?"

"नमनाक. मी तुज्यासमोर इलंय. माका आतसून जावचा होता. मी भायरसून गेलंय." त्याने माझ्याकडे बघितलं. "आनी तू आतसून गेलंस. पयल्यासारखो. आपले पाय गेले, न्हानू. आमका दोगांकय कळाक नाय."

खांदा. तो खांदा लागला होता तो धक्का नव्हता. उल्हास समोर असताना, त्याचा रंग हातात असताना, लवूचे पाय माझ्याकडे आले होते. मला एवढा आनंद झाला की खाणीत ओरडावंसं वाटलं. गाव बुडू दे, गोफ कापला जाऊ दे, मान वरच्यावाडीला जाऊ दे.

"मग लपलंस कित्याक?" मी विचारलं.

"गाठ पडतली. गावकर धरून बघतले. तांबडी आनी पिवळी, दोगांचा नाव जातला. मी गेलंयच नाय तर गोफ कापतले. कापलेल्या गोफात गाठ कोण बघता? माजा एकट्याचा नाव जाव दे."

"माका सांगाक काय झाला होता?"

"तू बोलत खंय होतंस माज्याशी?" लवू म्हणाला. "दोन म्हयने मी तुज्या घराकडसून जातंय येतंय. तू तोंड फिरवतंस."

त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोच वरून घंटी वाजली. सायकलची. खाणीच्या कडेला उल्हास उभा होता. सायकल टाकून तो पायऱ्या उतरत खाली आला, सरळ या कोपऱ्याकडे. एकदाही चाचपडला नाही.

"तरी वाटलंच, इथं असणार म्हणून," तो म्हणाला.

मी लवूकडे वळलो. "ही जागा तेका दाखवलंस?"

लवू पायावरची धूळ झटकायला लागला.

"जाखिणीची शपथ घेतली होती आपण!"

"तू येत नाय होतंस," लवू हळूच म्हणाला. "एकट्यान बसान काय करूचा?"

माझा सगळा आनंद जागच्या जागी विझला. तिथेच त्या उल्हासाला दोन ठेवून द्याव्या असं वाटलं. पण लवूने त्याला सगळं सांगायला सुरुवात केली होती, नमन, पाय, तांबड्यावर पिवळा, सगळं. उल्हास खाली बसला, धुळीत बोटाने रेघा ओढायला लागला. बुद्धिबळ खेळताना बसायचा तसा.

"मग सोपं आहे की," तो म्हणाला.

"काय सोपा?"

"उलटं नाचायचं ना? मग तिथं आलात की परत चुका. तीच चूक, उलटी. लवू बाहेरून, न्हानू आतून. सुटेल की."

आम्ही दोघे त्याच्या रेघांकडे बघत राहिलो. खरंच होतं. इतकं सोपं, आणि ते त्यालाच सुचावं! ते मला सुचलं असतं तर मी काय हवं ते दिलं असतं.

"पन तू मधी आसतलंस," लवू त्याला म्हणाला. "तू आमच्या पुढ्यात येतंस. जाऊक जागा गावूची नाय."

"मी एक पाऊल मागं राहतो. काहीतरी करतो."

"गावकर बघतले."

"बघू देत की," उल्हास म्हणाला आणि उठला. "चला. ऊन उतरलं."

लवूला सायकलवर पुढे दांडीवर बसवलं. मागे कॅरिअरवर मी. उल्हास सायकल मारत होता आणि मला त्याच्या पाठीला धरून बसावं लागलं. त्या वाटेइतकी लांब वाट मी परत कधी गेलो नाही.

देवळात जनाकाकीने लवूला सगळ्यांसमोर एक थोबाडीत दिली आणि मग छातीशी धरलं. धाकू गावकरांनी कोयता खांबाला टेकवून ठेवला. वरच्यावाडीच्या लोकांची तोंडं उतरली. ढोल सुरू झाला, झांजा सुरू झाल्या आणि आम्ही उलटे नाचायला लागलो.

गोफ सुटत होता. वेणी खालून उलगडत वर वर जात होती आणि पट्ट्या लांब होत होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. माझी नजर वर. पुष्कळ वेळाने कडीखाली हातभर वेणी उरली, आणि मला तो दिसला. तांबड्यावर बसलेला पिवळा. खालून बारीक दिसत होता, पण होता.

लवू समोरून आला. त्याच्या पुढे उल्हास. आता उल्हास मध्ये घुसणार, आणि गाठ पडणार.

उल्हास धडपडला. धोतरात पाय अडकल्यासारखा गुडघ्यावर आला, पट्टी मात्र सोडली नाही. लोक हसले. तेवढ्या जागेतून लवू बाहेरून गेला, मी आतून. खांद्याला खांदा लागला. वर पिवळी पट्टी तांबडीवरून घसरली आणि सुटी झाली. मग उरलेली वेणी एका फेऱ्यात उलगडली, आणि साऱ्या पट्ट्या कडीपासून खालपर्यंत मोकळ्या लोंबायला लागल्या.

"सुटलो रे सुटलो!" मंडपात गलका झाला.

"बेळगावकारा," धाकू गावकर ओरडले, "धोतार नेसूक शिक आधी! गोफ नाचतंस काय भुईमूग काडतंस?"

सगळं देऊळ हसायला लागलं. उल्हास लाल झाला, पण काही बोलला नाही. मान खाली घालून हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. लवूने माझ्याकडे बघितलं, तेव्हा कुठे तोंड मिटलं.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. कुर्ल्या पकडायला जायला लागलो, तिघे. उल्हासाला कुर्ली धरता येत नसे, बोट चावून घ्यायचा, आणि त्यात मला फार समाधान वाटायचं. मला बुद्धिबळही शिकवलं त्यांनी. घोडा अडीच घरं कित्याक चालतो, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या शिमग्याला परत गोफ विणला. जोड्या त्याच. लवू आणि उल्हास तांबडे, मी पांडग्यासमोर पिवळा. नमन सुरू झालं. लवू समोरून आला तेव्हा माझे पाय आपोआप आतल्या बाजूला वळायला लागले. मी त्यांना वळू दिलं असतं. पण तो आतून आला, नीट, ठरल्यासारखा, आणि मला बाहेर सरकावं लागलं. खांदा लागला नाही.

विणून झाल्यावर सगळे प्रसादाला गेले. मी मंडपात उभा राहून वर बघत होतो.

"काय बघतंस रे?" लवू मागून आला. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि तोही वर बघायला लागला. "बरो झालो मा? यंदा एकय चूक नाय."

मी कडीपासून खालपर्यंत परत एकदा बघितलं. पिवळा कुठे तांबड्यावर बसलाय का, ते शोधलं.

"नाय," मी म्हणालो. "खंयच नाय."